घूस काढणेबाबत

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत धम्मदीप गायकवाडांच्या हातचा कागद चुकीसाठी एकदाही परत आला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. पण इंदापूरच्या त्यांच्या कार्यालयात नवा माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्याच्या कानावर ती घालायचंच, आणि गायकवाड त्या वेळी नेमके शेजारच्या कपाटापाशी फायलीत डोकं घालून, ऐकू येत नसल्यासारखं करत उभे असायचे. पाटबंधारे खात्यातल्या वरिष्ठ लिपिकानं मिरवायचं तरी दुसरं काय?

अर्जाचा विषय एका ओळीत मावला पाहिजे, हा त्यांचा नियम. दोन ओळींचा विषय लिहिणाऱ्याला विषयच कळलेला नसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. बायकोनं, म्हणजे ज्योत्स्नाबाईंनी, किराण्याच्या यादीत ‘साबण’ न लिहिता ‘अंगाचा साबण’ लिहिलं तरी त्यांना ते खुपायचं. ‘अंगाचा’ हा शब्द फाजील आहे, असं ते म्हणायचे. मग दुकानातून भांड्याचा साबण यायचा आणि घरात दोन दिवस अबोला चालायचा. पण नियम तो नियम.

तर एका सकाळी त्यांच्या धाकट्या बहिणीचा, अनिताचा फोन आला. अनिता पळसदेवला दिलेली. तिथल्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीची ती सेविका.

“दादा, माझी अंगणवाडी चालली.”

“कुठं?”

“कुठं म्हंजी? बंद पडायला! पटावर एकवीस पोरं हायत आन् येत्यात सात. बाकीची त्या पिवळ्या गाडीत बसून इंग्लिश प्ले ग्रुपला जात्यात. पुढल्या म्हैन्यात पर्यवेक्षिका मॅडम येणार हायत. पंधरा पोरं डोळ्यांनी दिसली न्हाईत तर पलीकडच्या वस्तीत विलीन करणार म्हणाल्या. मधी हायवे हाय, दादा. ह्या सातांच्या आया पहाटं मासळीला जात्यात. त्यांना हायवे कोण वलांडून देणार?”

“त्या प्ले ग्रुपमध्ये आहे काय एवढं?”

“भितीवर कार्टून हायती. सिंव्ह हाय, आन् त्यो बी हासतोय. आमच्या भितीवर काय हाय? ‘कालव्यात जनावरे धुणे हा गुन्हा आहे.’”

हे खरं होतं. अंगणवाडी भरत होती ती खात्याच्या एका जुन्या चौकीत. भिंतीवरचा मजकूर गायकवाडांनीच बावीस वर्षांपूर्वी मंजूर करून घेतलेला होता, त्यामुळे त्यांना जरासं लागलं. पण कार्टून हा शब्द कानावर पडला आणि त्यांच्या छातीत काहीतरी हललं.

कारण गायकवाडांना कार्टून म्हटलं की एकच आठवायचं. ते आठ वर्षांचे असताना जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. मुख्य चित्रपट लागेपर्यंत लोकांनी दंगा करू नये म्हणून मालक आधी एक जुनं इंग्रजी कार्टून दाखवायचा. त्यात एक जनावर होतं. पुढं दोन भले मोठे दात, मागं वल्ह्यासारखं चपटं शेपूट, अंगात पिवळी बंडी. जनावर कुठलं, हे मालकालाही ठाऊक नव्हतं, पण भोंग्यावरून काहीतरी पुकारणं भाग होतं, म्हणून तो पुकारायचा, “आता बघा, येडी घूस!”

आणि काय ती घूस! शिकाऱ्यानं बंदूक रोखली तर कुणीही पळेल. ही पळायची नाही. ही त्याच्या मिशीला तेल लावायची. मग खिशातून टेप काढून शिंप्यासारखं त्याच्या छातीचं माप घ्यायची आणि कागदावर टिपून ठेवायची, आणि तो भोळा शिकारी मापासाठी हात वर करायचा तेवढ्यात त्याची बंदूक कुरतडून तिची बासरी करायची. कड्यावरून पडायची, भाकरीसारखी चपटी व्हायची, तशीच चपटी उठून चालू लागायची आणि वाटेत कुणी भेटलं तर वाकून रामराम करायची. एकदा तर तिनं पडद्याची कडा उचलून बाहेर डोकावलं, आणि पुढच्या रांगेतली माणसं धडपडत मागं सरकली. सगळा तंबू तिच्यावर जीव टाकत होता.

लहानग्या धम्मदीपला मात्र आधी तिचा अर्थच लागेना. त्याचे वडील, ज्ञानू गायकवाड, कालव्यावर मजूर म्हणून लागले आणि चौकीदार होऊन निवृत्त झाले. दीक्षा घेतलेल्या घरातले ते पहिले पगारदार. पोराला ते एकच गोष्ट बजावायचे, “दीपा, लिवताना चुकायचं न्हाय. दुसरा चुकला तर लोक हासून सोडून देत्यात. आपन चुकलो तर धरून ठिवत्यात.” पोरानं ते मनावर घेतलं, इतकं की खेळातसुद्धा तो पडायला घाबरायचा. आणि इथं ही घूस दर मिनिटाला चुकत होती, पडत होती, आपटत होती आणि तिला कुणी काही म्हणत नव्हतं! पुढच्या सत्तेचाळीस वर्षांत गायकवाडांनी पुष्कळ मोठी माणसं पाहिली. त्यांतल्या दोघा-तिघांबद्दल त्यांना आदर होता. त्या घुशीबद्दल होता तेवढा नव्हता.

मधे त्यांच्या मुलीनं, अंजलीनं, फोनवर शोधून त्यांना सांगितलं होतं, “पप्पा, तो बीव्हर असणार. थंड देशातल्या नद्यांमध्ये असतो. दातांनी झाडं पाडतो आणि पाणी अडवून धरण बांधतो.” धरण बांधतो म्हटल्यावर पाटबंधारे खात्यातल्या माणसाचा आदर दुप्पट झाला. पण नाव घूस पडलं होतं ते पडलं.

“मी काढतो,” ते अनिताला म्हणाले. “आपल्या भिंतीवर येडी घूस काढतो.”

“मग ये की रंग घिऊन रविवारी.”

“असं कसं? इमारत खात्याची आहे. आधी परवानगी.”

“दादा, म्हैना हाय हातात.”

“मसुदा मी करतोय ना?” गायकवाड म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चौकी कागदोपत्री दुसऱ्याच एका उपविभागाकडे होती, तिथले साहेब नवीन होते. गायकवाडांनी अर्ज लिहायला घेतला. विषय : ‘मौजे पळसदेव येथील चौकीच्या भिंतीवर घुशीचे चित्र काढणेस परवानगी मिळणेबाबत.’ लिहून पाहिला तर ‘मिळणेबाबत’ दुसऱ्या ओळीत उतरलेलं. अक्षर बारीक करून पाहिलं, समास आत घेऊन पाहिला. ‘मिळणेबाबत’ काही वर येईना. शेवटी त्यांनी वाक्यावर नजर रोखली आणि फाजील शब्द बरोबर हेरला. घूस काढायची म्हणजे चित्रच काढायचं; दुसरं काय काढणार? ‘चित्र’ गेलं. ‘चौकीच्या भिंतीवर घूस काढणेस परवानगी मिळणेबाबत.’ एक ओळ, स्वच्छ. त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबा जरा जास्तच चवीनं खाल्ला.

आठव्या दिवशी उत्तर आलं. ‘सदर घूस काढणेस मंजुरी देण्यात येत आहे. काढलेल्या घुशीचा परिमाणासह अहवाल सादर करावा.’ गायकवाडांनी ते पत्र ज्योत्स्नाबाईंना दोनदा वाचून दाखवलं. मोजमाप मागणारा साहेब म्हणजे कलेची कदर असणारा साहेब, असं त्यांचं म्हणणं पडलं. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, “मला ह्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय.” गायकवाड म्हणाले, “कागद माझा आहे.” ज्योत्स्नाबाई कणीक मळायला गेल्या.

बारामतीहून रंग आणले. दोन रविवार गायकवाड शिडीवर उभे होते, आणि शिडीखाली वस्ती उभी होती. चित्र काढणाऱ्या माणसाला सल्ला देण्याइतकं सोपं काम जगात नाही. अंगणवाडीला लागून ज्यांचा ऊस होता ते हिंदुराव तात्या पहिल्या रविवारी सकाळी आले ते दुसऱ्या रविवारी संध्याकाळी गेले.

“भाऊसाहेब, शेपूट चुकलं. घुशीचं शेपूट आसं नसतं.”

“ही तिकडची घूस आहे, तात्या.”

“तिकडची म्हंजी कुठली? भिगवणची?”

“परदेशातली. ही बांध फोडत नाही, बांधते. पाणी अडवते.”

“मंग घूस कसली? विंजिनेर म्हना की!” तात्या जरा थांबून म्हणाले, “माजी चारी घुशींनी पोखरली. निम्मं पानी वाटंतच मुरतं. आन् तुमी घुशीला बंडी घालून भितीवर बसीवताय! सरकारच घुशीच्या बाजूनं झाल्यावर मानसानं जायाचं कुठं?”

प्रयागबाई नावाच्या आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “कुनाचं चिन्न हाय ह्ये? कुठल्या पॅनेलचं?” अनितानं सांगितलं, कुणाचंच नाही, पोरांसाठी आहे. आजींचा विश्वास बसला नाही. निवडणुकीचं नंतर बघू, पण उमेदवार हसतमुख आहे, एवढं बोलून त्या गेल्या. मधेच धरणाच्या बॅकवॉटरचे पक्षी बघायला आलेलं पुण्याचं एक कुटुंब थांबलं, त्यांनी घुशीबरोबर फोटो काढले आणि गायकवाडांना विचारलं, “काका, तुम्ही पेंटर आहात का?” वरिष्ठ लिपिकाला हा प्रश्न झोंबला. तरी पण ‘काका’नं फोटोसाठी ब्रश हातात धरला.

घूस मात्र झाली, आणि अशी झाली की विचारू नका. एक डोळा मोठा, एक बारका. दातांत दोन तुकडे केलेली बंदूक. आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाला माप घ्यायला बोलावणारं हसू. गायकवाडांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातचं काहीतरी मान वाकडी करून पाहिलं.

सोमवारी सात पोरं आली ती भिंतीसमोर बसूनच राहिली. मंगळवारी नऊ. गुरुवारी पिवळी गाडी वस्तीवर थांबली आणि हिंदुराव तात्यांची नात श्रेया, वय वर्षं साडेतीन, गाडीत चढायच्या जागी भिंतीकडे पळाली. तात्यांनी तिला उचलून गाडीत घातलं. शुक्रवारी ती चौकीच्या दाराला धरून बसली आणि तिनं गावभर ऐकू जाईल असा सूर लावला. तात्यांना इंग्लिश प्ले ग्रुपचा मोठा अभिमान होता, पण त्या सुरापुढं अभिमान टिकेना. दुसऱ्या आठवड्यात पोरं अठरा झाली.

“दादा, अठरा!” अनिता फोनवर रडत होती. “मॅडम येत्या बुधवारी येत्यात. आता माझी अंगणवाडी कोण हालवतंय बघते.”

गायकवाडांनी त्याच आनंदात अहवाल लिहिला. ‘आदेशानुसार घूस काढण्यात आली. उंची पाच फूट, रुंदी तीन फूट. रंग तपकिरी व पिवळा. दात दोन, पांढरे. बालके दररोज घुशीसमोर बसतात. ग्रामस्थ समाधानी आहेत.’

दोन दिवसांनी त्या नव्या साहेबांचा फोन आला. आवाज जरा खोल गेलेला होता.

“गायकवाड, तुम्ही लिहिलंय घूस पाच फूट?”

“हो साहेब. शेपूट सरळ धरलं असतं तर सहा भरली असती, पण खिडकी आडवी आली.”

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

“आणि मुलं तिच्यासमोर बसतात?”

“हलत नाहीत साहेब. काही जण हात लावून बघतात.”

“अहो, आत्ता कुठं आहे ती?”

“भिंतीवरच आहे साहेब.”

“म्हणजे अजून काढलेली नाही!”

“काढली ना साहेब. दोन रविवार लागले.”

“काढली तर भिंतीवर कशी?”

“मग कुठं काढणार साहेब?”

इथं रेंज गेली. साहेब बहुधा घूस बघायला येणार, असं गायकवाडांनी घरी सांगितलं, आणि बुधवारची किरकोळ रजा टाकली.

बुधवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सव्वादहाला वस्तीवर पोचले. अकराला मॅडम यायच्या होत्या. चौकीसमोर एक टेम्पो उभा होता आणि भिंतीच्या कडेनं कमरेइतका खड्डा पडलेला होता. खड्ड्यात दोन माणसं टिकाव चालवत होती. काठावर त्यांची शिडी उभी होती आणि भोकं बुजवायला कालवलेल्या चुन्याची घमेली मांडलेली होती. काठावर रतन नावाचा ठेकेदार मडक्यात मिरच्यांचा धूर करून तो पायाकडं हाकत होता. गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला होता आणि त्याबरोबर घुशीचे दोन्ही पाय, शेपूट आणि अर्धी बंडी. धूर खिडकीतून आत गेला होता. अठरा पोरं खोकत, रडत अंगणात उभी होती आणि अनिता ओल्या पदरानं त्यांचे डोळे पुसत होती.

“काय चाललंय हे?” गायकवाड ओरडले.

“घूस काढतोय,” रतन म्हणाला. “ऑर्डर हाय.”

त्यानं कागद पुढं केला. गायकवाडांनी वाचला. त्यांचाच विषय, त्यांचीच एक ओळ. कुणीतरी लाल शाईनं ‘भिंतीवर’ खोडून वर ‘पायात’ लिहिलं होतं, आणि बाजूला शेरा होता : ‘घूस भिंतीवर असू शकत नाही. अर्जदाराची चूक दुरुस्त केली.’

गायकवाडांना सगळं एकदम कळलं. परिमाण का मागितलं ते कळलं, साहेबांचा आवाज खोल का होता ते कळलं. ‘चित्र’ हा शब्द किती लहान होता, तेही कळलं.

“अहो, घूस काढलेली आहे!” ते कसंबसं म्हणाले.

“काढली आसंल तर भोक दावा,” रतन म्हणाला.

तेवढ्यात जीप आली आणि ते नवे साहेब उतरले, हातात काठी घेऊन. पाच फुटी घूस या विषयावर त्यांची मनाची तयारी झालेली दिसत होती. त्यांना बघून मजूर खड्ड्यातून वर आले. खड्ड्याभोवती वस्ती जमली होती. प्रयागबाईंनी नातवाला उचललं. “चला बया, पोरं मारायला काढल्यात हितं.” एक आई दोघांना घेऊन निघाली. हिंदुराव तात्यांनी श्रेयाचा हात धरला आणि नेमकी त्याच वेळी पिवळी गाडी वस्तीवर वळली. अठराची सतरा झाली, पंधरा झाली, बारा झाली. अनिता प्रत्येकीला हात जोडत होती, “धा मिनिटं थांबा गं, फकस्त धा मिनिटं.” हजेरीचं रजिस्टर तिनं काखेत मारलं होतं.

हे आपल्या एका शब्दानं झालं, एवढंच गायकवाडांच्या मनात होतं. ते भिंतीकडं बघत एक पाऊल मागं सरले, अर्धवट उरलेली घूस नीट दिसावी म्हणून आणखी एक सरले, आणि खड्ड्यात पडले.

साधे पडले नाहीत. आधी शिडीला लागले, शिडीनं चुन्याची घमेली ओढली, घमेली त्यांच्या मागोमाग खाली आली, आणि सगळ्यात शेवटी धुराचं मडकं काठावरून घरंगळत येऊन त्यांच्या शेजारी बसलं. थोड्या वेळानं खड्ड्यातून नखशिखान्त पांढरे झालेले वरिष्ठ लिपिक वर आले. चष्म्याच्या एका काचेवर चुना, दुसरी साफ. एक डोळा मोठा, एक बारका.

आणि श्रेया हसली.

नुसती हसली नाही. आजोबाच्या हातातून सुटून खाली बसून हसली. तिचं बघून दुसरं हसलं, तिसरं हसलं. परतीच्या वाटेला लागलेली पोरं आयांच्या खांद्यावरून मान वळवून बघू लागली. गायकवाड अंगणात उभे होते. समोर साहेब होते, ठेकेदार होता, सगळी वस्ती होती, आणि वडिलांचं वाक्य कानात होतं. लाजेनं त्यांचे कान तापले होते. अंग झटकावं, माफी मागावी आणि निघावं, एवढं त्यांना करता आलं असतं. मग त्यांनी रजिस्टर छातीशी धरलेल्या बहिणीकडं पाहिलं.

गायकवाड वाकले आणि खड्ड्याला रामराम घातला.

मग ते भिंतीला टेकून सपाट झाले आणि तसेच आडवे पाय टाकत चालू लागले. वाटेत हिंदुराव तात्या आले. गायकवाडांनी ओंजळीत नसलेलं तेल घेऊन तात्यांच्या मिशीला दोन्ही हातांनी लावलं. तात्यांना काय करावं सुचेना, त्यांनी आपसूक मिशीला पीळ भरला. पोरं किंचाळली. गायकवाडांनी रतनच्या खिशातली टेप ओढली आणि थेट साहेबांच्या छातीला लावली. साहेबांनी, देव जाणे का, दोन्ही हात वर केले. तेवढ्यात गायकवाडांनी त्यांच्या हातातली काठी काढून घेतली, तोंडाला आडवी लावली, आणि गालांतून बासरीचा असा काही सूर काढला की पिवळ्या गाडीच्या ड्रायव्हरनं गाडी बंद केली. गाडीचं दार उघडलं. आतली पोरं खाली उतरली. बारा, पंधरा, एकोणीस.

“दादा, अकरा वाजले,” अनिता म्हणाली, पण ती स्वतःच डोळे पुसत हसत होती.

पर्यवेक्षिका मॅडम केव्हा आल्या ते कुणाला कळलं नाही. त्या अंगणाच्या कडेला उभ्या राहून पेनाच्या टोकानं डोकी मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी रजिस्टर मागितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पटावर एकवीस. हजर तेवीस. हे कसं?”

“दोन गाडीतली हायत, मॅडम,” अनिता घाबरून म्हणाली. “आपली न्हाईत.”

“मग मी लिहू काय?”

सरकारात मुलं कमी भरली तर लिहायचं काय ते ठरलेलं असतं; जास्त भरली तर काही सोय नाही. त्यांनी विचार करून एकवीस लिहिलं, खाली सही केली आणि म्हणाल्या, “विलीन करायचा प्रश्नच येत नाही. हे कोण?”

“माझा भाऊ,” अनिता म्हणाली. इतक्या तोऱ्यात तिनं ते लग्नातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. “वरिष्ठ लिपिक हाय.”

साहेब तोवर सावध झाले होते. त्यांनी भिंतीवरचे दात पाहिले, बंडी पाहिली, मग हातातल्या अहवालावरून बोट फिरवलं. पाच फूट. तीन फूट. दात दोन.

“गायकवाड,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे चित्र आहे.”

“हो साहेब,” गायकवाड म्हणाले. “विषयात तो शब्द राहिला. चूक माझी आहे.”

हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारलं होतं. पुढं काय होतं याची ते वाट बघत उभे राहिले. काहीच झालं नाही. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांचे खांदे हलू लागले आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला. रतननं मजुरांना हाक मारली, “बुजवा रं खड्डा. घूस कागदावरच व्हती.” हिंदुराव तात्या मिशी चाचपत म्हणाले, “भाऊसाहेब, येवढं खणलंच हाय तर बुजवू नका. माजी चारी तेवढी हिकडून वळीवता का बघा.”

मजूर फावडी घेऊन खड्ड्याकडं निघाले, तेव्हा श्रेया पुढं आली आणि तिनं गायकवाडांच्या चुन्यानं माखलेल्या पँटला धरून ओढलं.

“परत पड,” ती म्हणाली.

तेवीस पोरं त्यांच्याकडं बघत होती. गायकवाडांनी मजुरांना हातानं थांबवलं. मग चष्मा साहेबांच्या हातात दिला, शर्टाच्या बाह्या वर केल्या, आणि खड्ड्याच्या दिशेनं पळत सुटले.